हे कुठलं? हे कधीचं? आणि ही कोण?

गेल्या दिवाळीत बाबा मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आमच्याकडे बेंगळुरूला आले होते. एका संध्याकाळी फराळाचं ताट मध्ये ठेवून आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो होतो. मुलाने माझी जुनी हार्ड डिस्क टीव्हीला जोडली आणि म्हणाला, "आजोबा, आईने काढलेले फोटो बघू या."

फोटो काढणं ही माझी हौस. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, दिवसभर संगणकासमोर. २००८ च्या दिवाळीच्या बोनसमधून मी निकॉनचा डी-४० कॅमेरा घेतला. तेव्हापासून रविवारी सकाळी तो गळ्यात अडकवायचा आणि बाहेर पडायचं, हा माझा नेम झाला. आता हातात बऱ्याचदा फोनच असतो, पण हौस तीच आहे.

एकेक फोटो टीव्हीवर येत होता आणि बाबा विचारत होते, "हे कुठलं?" मी म्हणायची, "असंच, इथलंच कुठलं तरी." "हे कधीचं?" "असेल पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं."

मग एक फोटो आला. रस्त्याच्या कडेला शहाळ्यांचा ढीग, हातात कोयता घेतलेली एक बाई, चेहऱ्यावर सकाळचं ऊन. मला हा फोटो नेहमीच आवडत आला आहे. माझ्या फोनच्या स्क्रीनवर तो कित्येक महिने होता.

बाबांनी चष्मा सारखा केला. "छान आलाय गं. ही कोण?"

मला सांगता आलं नाही. मात्र एक गोष्ट लख्ख आठवली. फोटो काढल्यावर त्या बाईने विचारलं होतं, "मला देणार ना?" आणि मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हटलं होतं, "हो, नक्की आणून देते."

मी तो कधीच नेऊन दिला नाही.

बाबांचा अल्बम

बाबांकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. "बारा फोटोंत वर्ष काढायचं असायचं, त्यामुळे बटण दाबायच्या आधी दहादा विचार करायचो," असं ते सांगतात. फोटो धुऊन आले की रात्री जेवणानंतर ते टेबलाशी बसायचे आणि प्रत्येक फोटोच्या मागे शाईच्या पेनने लिहायचे: कोण, कुठे, कधी. 'रंकाळा, कोल्हापूर. आई आणि मावशी. जानेवारी १९७६.' आज त्यातली निम्मी माणसं नाहीत, पण माझ्या मुलालाही त्यांची नावं माहीत आहेत, ती त्या अक्षरांमुळे.

माझ्याकडे हजारो फोटो आहेत आणि एकाच्याही मागे काही लिहिलेलं नाही. बाबा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी काही बोलायची गरजही नव्हती. दिवाळीला आलेले बाबा या वेळी थंडी संपेपर्यंत राहणार होते. तेवढ्या दिवसांत त्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची, असं मी ठरवलं.

हे कधीचं?

सगळ्यात सोपा वाटणारा प्रश्न हाच होता. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते. पण माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली होती, घड्याळ मागे गेलं होतं आणि मी ते कधी नीट लावलंच नव्हतं. फाइलवरची तारीख कॅमेरा विकत घेण्याच्या आधीची निघाली!

मग मी त्याच फोल्डरमधले बाकीचे फोटो पाहिले. एका फोटोत होसूर रोड होता आणि रस्त्याच्या मधोमध उघडे खांब उभे होते. सिल्क बोर्डकडून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे येणारा जवळजवळ दहा किलोमीटरचा उड्डाणपूल जानेवारी २०१० मध्ये सुरू झाला. म्हणजे फोटो त्याआधीचा. शहाळेवालीच्या मागे शेतात नाचणीच्या कापणीचे ढीग दिसत होते. इथली पावसाळी नाचणी नोव्हेंबर-डिसेंबरात कापतात. म्हणजे २००८ चा किंवा २००९ चा हिवाळा.

शेवटचा पुरावा घरातच होता. मुलाचा जन्म ऑगस्ट २००९ चा. त्यानंतर माझ्या कुठल्याही फोल्डरमध्ये तो नाही, असं झालेलंच नाही. या फोल्डरमध्ये तो नव्हता. म्हणजे फोटो डिसेंबर २००८ च्या आसपासचा. मुलगा म्हणाला, "म्हणजे मी नसण्याचाही उपयोग झाला!"

हे कुठलं?

मला एवढंच आठवत होतं की शिकारीपाळ्याच्या पुढे हुलिमंगलाकडे जाणारा रस्ता होता. कन्नडमध्ये हुली म्हणजे वाघ. शेजारी-शेजारी शिकारी आणि वाघ, म्हणून ही नावं माझ्या लक्षात राहिली होती. बन्नेरघट्टाचं जंगल तिथून फार लांब नाही.

आज इथे काचेच्या इमारती पाहणाऱ्याला खरं वाटत नाही, पण इलेक्ट्रॉनिक सिटी शेतांच्या मध्येच वसली. कर्नाटक सरकारची केऑनिक्स ही कंपनी १९७६ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभी राहिली. मी नोकरीला आले तेव्हाही कंपन्यांच्या कुंपणापलीकडे नाचणी आणि निलगिरी होती. गावं हळूहळू इमारतींच्या आत गेली.

जागा शोधायला गूगल अर्थची मदत झाली. त्यात जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं पाहता येतात. २००८-०९ च्या आसपासच्या चित्रात रस्त्याच्या वळणावर एक मोठं झाड, त्याच्याजवळ विहिरीसारखं गोल काहीतरी आणि मागे शेत दिसलं. आत्ताच्या चित्रात तिथे नुसती छपरं होती.

नेमकं कुठे उभं राहायचं, हे मात्र तिथे जाऊनच ठरवावं लागतं. जुनी जागा शोधून तोच फोटो पुन्हा काढायच्या या प्रकाराला रिफोटोग्राफी म्हणतात. त्याचं एक सुरेख उदाहरण कर्नाटकातच आहे. अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८५६ मध्ये हंपीचे फोटो काढले. पेशा सैनिकाचा, फोटो हौसेचे. कागदाला मेण लावून त्यावर तो निगेटिव्ह तयार करायचा. पुढे १९८३ मध्ये जॉन गोलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉच्याच जागा शोधून, तिथे उभं राहून तेच फोटो पुन्हा काढले. पन्नास रुपयांच्या नोटेवर विठ्ठल मंदिरापुढचा जो दगडी रथ आहे, त्यावर १८५६ मध्ये विटांचं शिखर होतं. आज ते नाही. ग्रीनलॉच्या फोटोमुळे ते आपल्याला आजही पाहता येतं.

हौशी मंडळींची ही परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारिणीवर होते आणि वैद्यकी सांभाळून स्वतः फोटो काढायचे.

जागा पक्की करायची युक्ती साधी आहे. जुन्या फोटोत एकामागे एक असलेल्या दोन न हलणाऱ्या वस्तू शोधायच्या. माझ्या फोटोत देवळाचा कळस विजेच्या मोठ्या मनोऱ्याच्या डाव्या पायाला टेकल्यासारखा दिसत होता. तो तसाच दिसेपर्यंत आपण डावी-उजवीकडे सरकत राहायचं. कळस आणि मनोरा जुळले की आपण बरोबर रेषेवर आलो.

ही कोण?

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही तिघं निघालो. मी, मुलगा आणि हट्टाने बरोबर आलेले बाबा. पिशवीत त्या फोटोची मोठी प्रिंट होती. होसूर रोडवर आधी जुन्या खांबांच्या फोटोची जागा पाहिली. खांबांवर उड्डाणपूल तर आहेच, आता शेजारून मेट्रोचा मार्गही गेला आहे. ऑगस्ट २०२५ पासून पिवळ्या मार्गिकेची गाडी बोम्मसंद्रापर्यंत धावते आहे.

वळणाच्या रस्त्यावर मात्र मी गोंधळले. झाड नाही, विहीर नाही, शेत नाही. कळस तेवढा सापडला. मनोऱ्याचं टोक एका इमारतीमागून डोकावत होतं. ते दोन्ही जुळवत सरकत सरकत मी एका बेकरीच्या पायरीवर येऊन उभी राहिले.

बेकरीवाल्याला प्रिंट दाखवली. त्याने क्षणभर पाहिलं आणि हसून शेजारच्या गल्लीकडे बोट केलं. "अज्जी? तिथे, पीजीच्या खाली."

मनात मी काय काय चित्रं रंगवली होती! अज्जी हयात असेल का, अजून उन्हात शहाळी विकत असेल का? अज्जी चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. वरच्या मजल्यांवर कंपन्यांत काम करणारी मुलं भाड्याने राहत होती. मालकीण तीच.

मी प्रिंट पुढे केली. "अज्जी, निम्म फोटो. तुमचा फोटो."

तिने तो दोन्ही हातांत धरला, जवळ नेला, लांब धरला. मग तिचं बोट फोटोवर टेकलं. तिच्या चेहऱ्यावर नाही, वरच्या कोपऱ्यात. "नम्म हुणसे मर!"

मी दचकले. 'मर' काय? बाबा हसायला लागले. मिरजेला लहानपणापासून त्यांच्या कानावर कन्नड पडलेलं. "अगं, मर म्हणजे झाड. आमचं चिंचेचं झाड, असं म्हणतायत त्या."

मग अज्जीने सून, नात, शेजारीण, सगळ्यांना हाक मारली. बोट फोटोवर फिरत राहिलं. ही विहीर, हिच्यात मुलगा पोहायला शिकला. हे खळं. ही चिंच सासऱ्यांनी लावलेली, रस्ता रुंद झाला तेव्हा तोडली. फोटोच्या डाव्या कडेला एका बैलाचं मागचं अर्धं शरीर आलं होतं. तो भाग मी कित्येकदा कापून टाकणार होते, आळसाने राहिला होता. अज्जीने त्या बैलाचं नाव सांगितलं.

नात पंधरा-सोळा वर्षांची. तिने विहीर कधी पाहिलीच नव्हती. "इथे? आपल्या पार्किंगमध्ये?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. त्या घरात झाडाचा किंवा विहिरीचा दुसरा फोटो नव्हता. लग्नाचे होते, बारशाचे होते, पण घरासमोरच्या झाडाचा फोटो कोण काढतो?

शेवटी अज्जीने स्वतःकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बाबांनी तिच्या बोलण्याचा अर्थ सांगितला, "एक फोटो द्यायला इतकी वर्षं लागतात का, विचारतायत." माझ्या वतीने बाबांनीच माफी मागितली. त्यांचं मिरजेकडचं कन्नड ऐकून अज्जी इतकी हसली की शेंगांचं सूप कलंडलं.

निघताना ती आमच्याबरोबर बेकरीपर्यंत आली. चिंच जिथे होती, तिथे आता विजेचा ट्रान्सफॉर्मर आणि स्कूटरची रांग आहे. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मी पायरीवरून फोटो घेतला. या वेळी स्कूटर कापल्या नाहीत. बेकरीची पाटीही येऊ दिली.

तुम्हाला करायचं असेल तर

यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही. फोनमधला एखादा जुना फोटो निवडा आणि घराजवळची जागा घ्या. शक्यतो त्याच महिन्यात, त्याच वेळेला जा, म्हणजे सावल्या जुळतात. झूम करू नका, आजूबाजूचं थोडं जास्तच येऊ द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-जागेची नोंद निघून जाते. महत्त्वाचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एकाच हार्ड डिस्कवर विसंबू नका, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. निवडक फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बाबांच्या एका फोटोत शाई पुढच्या बाजूला उतरली आहे. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल, तर फोटो पाकिटात ठेवून पाकिटावर लिहा.

आणि घरातल्या मोठ्यांबरोबर बसून जुने फोटो पाहा. नावं त्यांनाच आठवत असतात.

त्या रात्री बाबा टेबलाशी बसले. आमच्याकडच्या प्रतीच्या पाकिटावर त्यांनी त्यांच्या शाळामास्तरी अक्षरात लिहिलं: अज्जीचं नाव, 'हुलिमंगल रस्ता', 'डिसेंबर २००८'. जरा थांबून त्याखाली आणखी एक ओळ घातली: 'मागे चिंच, विहीर, खळं. डावीकडे बैल.' आणि बैलाचं नाव.

'आणून देते' म्हणून न दिलेले असे आणखी अकरा फोटो मला त्या डिस्कमध्ये सापडले आहेत. पुढच्या रविवारी होसूर रोडवरच्या पंक्चरवाल्याला शोधायचं आहे.