घनवादाची बांधणी : पॅरिस, आंद्रे लोत आणि नागपुरात शिकलेले दोन चित्रकार

'क्युबिझम'साठी मराठीत 'घनवाद' हा शब्द आता रूढ झाला आहे. शब्द नेमका आहे, तरी तो वाचकाची थोडी फसगत करतो. घन म्हटले की भूमितीतला सहा चौरस पृष्ठांचा ठोकळा डोळ्यांपुढे येतो. घनवादी चित्रात मात्र असा धड ठोकळा बहुधा शोधूनही सापडत नाही. दुसरी समजूत याहून पक्की आहे. माणसाच्या चेहऱ्याची मोडतोड, एक डोळा इकडे आणि नाक तिकडे, म्हणजे घनवाद. नागपुरात हुडकेश्वरला मी रविवारी सकाळी चित्रे पाहण्याचा एक लहानसा वर्ग घेतो. पिकासोचे चित्र पडद्यावर आले की मागच्या रांगेतून हमखास विचारणा होते, ''सर, हे मोडलं कायले?''

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. पण मला त्यापुढे जाऊन असे म्हणायचे आहे की, मोडणे ही या चळवळीची अर्धीच बाजू होती आणि आपल्याकडच्या चित्रकारांनी ती फारशी उचललीच नाही. त्यांनी उचलली ती बांधणी. ही बांधणी पॅरिसहून आपल्यापर्यंत कशी आली, त्या वाटेवर नागपूरही लागते.

आधी, मोडले काय ते पाहू. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा दिलेल्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. मधोमध एक भांडे, शेजारी फळ, मागे घड्या पडलेले फडके. जागा सोडायची नाही, एक डोळा मिटून पेन्सिल हातभर लांब धरायची आणि माप घ्यायचे. भांड्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण काढायचा असतो लंबगोल, कारण बसल्या जागेवरून तोच दिसतो. ठाऊक असलेले बाजूला ठेवून दिसते तेवढेच काढणे हा त्या पेपरचा सगळा संस्कार. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने जे यथार्थदर्शन सिद्ध करून दाखवले, त्याचे हे शाळकरी रूप म्हणायचे. या पद्धतीने चित्रकलेला चारशे वर्षे फार मोठे बळ दिले. मात्र तिची एक अट होती : पाहणारा माणूस एका जागी खिळलेला, एका डोळ्याचा आणि एका क्षणापुरता हवा. प्रत्यक्षात असे कोणीच पाहत नाही. आपण भांड्याभोवती फिरतो, ते उचलतो, आत डोकावतो, आणि 'भांडे' म्हणून मनात जे राहते ते या सगळ्याची गोळाबेरीज असते.

ही अट प्रथम सैल केली ती सेझानने. त्याच्या स्थिरचित्रांत टेबलाची कड फडक्याच्या डावीकडे एका पातळीवर असते आणि उजवीकडे बाहेर पडताना दुसऱ्याच. निसर्ग हा दंडगोल, गोल आणि शंकू यांच्या आधाराने हाताळावा, असे त्याने १९०४ मध्ये एमील बर्नारला पत्रातून कळवले होते. (या तिघांत घन नाही, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.) सेझान १९०६ मध्ये गेला. १९०७ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे स्मृतिप्रदर्शन भरले. त्याच वर्षी पिकासोने 'आव्हिन्योंच्या तरुणी' हे पाच स्त्रियांचे चित्र रंगवले. त्यात आफ्रिकी मुखवट्यांची छाया स्पष्ट आहे. ते मुखवटे घडवणाऱ्यांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत.

चळवळीला नाव मिळाले ते पिकासोवरून नव्हे, जॉर्ज ब्राकवरून. १९०८ च्या उन्हाळ्यात ब्राक दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताक या गावी गेला. सेझाननेही तिथे चित्रे काढली होती. ब्राकच्या चित्रांत टेकडीवरची घरे एकावर एक रचल्यासारखी चढत जातात. त्यांना दारे नाहीत, खिडक्या नाहीत. ऊन एका दिशेने येत नाही. प्रत्येक भिंतीला चित्राच्या गरजेप्रमाणे उजेड आणि सावली वाटून दिली आहे. दूरची घरे लहान-धूसर होत नाहीत, जवळच्या घरांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहतात. कुठे कुठे छपराची कड अर्धवट सोडून दिली आहे आणि तिथून एक पृष्ठ शेजारच्या पृष्ठात मिसळून जाते. वार्षिक प्रदर्शनाच्या निवड समितीने ही चित्रे नाकारली. समितीत मातीस होता. मग त्या नोव्हेंबरात कानवायलर या तरुण विक्रेत्याने ती आपल्या दुकानात मांडली, आणि लुई व्होसेल या समीक्षकाने 'सगळ्याचे ठोकळे करून टाकले' अशा अर्थाची टर उडवली. घनवाद हे नाव या थट्टेतून आले.

पुढची चार-पाच वर्षे पिकासो आणि ब्राक जवळजवळ रोज एकमेकांचे काम पाहत होते. या काळातली चित्रे सर्वांत अवघड. पिकासोने १९१० मध्ये काढलेले कानवायलरचे व्यक्तिचित्र घ्या. ते आज शिकागोच्या संग्रहालयात आहे. प्रथम नुसता करड्या-तपकिरी कवड्यांचा ढीग दिसतो. पण खाली मधोमध पाहिले की एकमेकांत गुंतवलेले हात सापडतात, त्यांच्या वर घड्याळाची साखळी, अगदी वर केसांची लाट. या खुणा चित्रकाराने मुद्दाम ठेवल्या आहेत. त्यांना धरून हळूहळू बसलेला माणूस आपणच उभा करायचा. रंग जवळजवळ काढून टाकला आहे, कारण दोन्ही चित्रकारांना प्रश्न पडला होता तो आकाराच्या रचनेचा. रविवारच्या वर्गात मी हे चित्र दहा मिनिटे पडद्यावर तसेच ठेवतो. हात बहुधा चौथ्या मिनिटाला सापडतात आणि त्यानंतर मागच्या रांगेचा सूर बदलतो.

१९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचे छापील चित्र असलेला मेणकापडाचा तुकडा चित्रावरच डकवला, ब्राकने भिंतीला लावायचा कागद कापून चिकटवला. पुढे १९१४ चे युद्ध आले, ब्राक आघाडीवर गेला आणि ती जोडी संपली. इथे बहुतेक पाठ्यपुस्तके घनवादाचे प्रकरण मिटतात. आपल्या दृष्टीने ते इथून सुरू होते, आणि त्याचा नायक पहिल्या रांगेतला नाही.

आंद्रे लोत याचा जन्म १८८५ चा, बोर्दोचा. लहानपणी तो लाकडावर कोरीव काम शिकला होता. १९१२ मध्ये घनवाद्यांच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे होती. चित्रकार म्हणून तो पिकासोच्या जवळपासही जात नाही, असे माझे मत आहे. पण विसाच्या दशकापासून पॅरिसच्या माँपार्नास भागात त्याने जो वर्ग चालवला, त्यातून घनवाद शिकवण्याजोगा झाला. पिकासो शिकवत नसे. लोत शिकवे : चित्राची चौकट आधी विभागा, दिशा ठरवा, प्रकाशाचे पट्टे आखा, एका कडेला उजेड तर लगतच्या कडेला सावली द्या. ब्राझीलची तार्सिला दो आमाराल त्याच्याकडे शिकली. आपल्याकडचे परितोष सेन, राम कुमार आणि मुंबईचे जहांगीर साबावाला त्याचेच विद्यार्थी. आणखी एक विद्यार्थी पुढे चित्रकार झालाच नाही. १९२७ च्या सुमारास लोतकडे शिकलेला हा तरुण म्हणजे छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ.

आता नागपूर. मध्यप्रांत-वऱ्हाडची ही राजधानी. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले. १९३९ ते १९४३ ही चार वर्षे ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईला जे. जे.मध्ये गेले. हरी अंबादास गाडे १९१७ चे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे. त्यांनी नागपूर विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेतली आणि नंतर ते चित्रकलेकडे वळले. १९४७ मध्ये मुंबईत सुझा, आरा, हुसेन, बाकरे यांच्यासह जो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्याच्या सहा संस्थापकांपैकी हे दोघे. सहांतले दोन नागपुरात शिकलेले, ही गोष्ट आपण नागपूरकर क्वचितच सांगतो. (गायतोंडे तर जन्माने नागपूरचे, पण त्यांची वाट पॉल क्लेकडून गेली, घनवादाकडून नाही, म्हणून ते या लेखाबाहेर.)

१९४८ मध्ये रझा काश्मीरला गेले. श्रीनगरला त्यांची कार्तिए-ब्रेसाँशी गाठ पडली. पुढे रझा ही हकीकत अनेकदा सांगत : त्यांची चित्रे पाहून तो म्हणाला की हात गुणी आहे, पण चित्रांना बांधणी नाही, चित्र हे इमारतीसारखे पाया, भिंती आणि तुळया धरून उभे राहते, तेव्हा सेझान पाहा. हा सल्ला कोणाकडून कोणाकडे आला ते पाहण्यासारखे आहे. सेझानकडून ब्राककडे, घनवाद्यांकडून लोतकडे, लोतच्या वर्गातून एका छायाचित्रकाराकडे आणि त्याच्याकडून नागपुरात पाण्याचे रंग शिकलेल्या तरुणाकडे. रझांनी मुंबईत फ्रेंच शिकायला घेतले आणि १९५० च्या ऑक्टोबरात फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. रझा म्हटले की आज बिंदू आठवतो. १९५१ चे 'ओ द कान्य' आधी पाहिले पाहिजे. टेकडीवरचे गाव, माणूस एकही नाही, घरांच्या भिंती सपाट आणि धारदार, एकमेकींना आधार देऊन उभ्या. एक जरी काढली तर गाव कोसळेल.

गाड्यांची पन्नाशीतली निसर्गदृश्येही घरांचीच आहेत. पण रझांची घरे शांत, तर गाड्यांची कललेली. छपरांचे त्रिकोण एकमेकांवर रेलतात आणि त्यांना जागेवर धरून ठेवतो तो रंग. त्यांच्यातला विज्ञानाचा विद्यार्थी इथे कामाला आलेला मला दिसतो. हे समजायला लांब जावे लागत नाही. हुडकेश्वरात शेतांचे ले-आउट पडून घरे झाली, ती एका वेळी झाली नाहीत. गच्चीवर उभे राहिले की कुठे नुसता स्लॅब, कुठे वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया, कुठे जिन्याची टोपी, काळ्या टाक्या, न गिलावलेल्या विटांच्या बाजू. ग्रेड परीक्षेच्या नियमाने हे काढले तर समोरच्या घरात मागची चार लपतात. वर्गातल्या मुलांना मी सांगतो, गच्चीच्या चारही कोपऱ्यांवरून पाहा आणि एकाच कागदावर काढा. जो कागद तयार होतो तो वेडावाकडा असतो, पण आपली गल्ली त्यात ओळखू येते. मग गाड्यांचे छापील चित्र दाखवले की ते परके वाटत नाही.

आता नकलेचा आरोप. तो जुना आहे. कलकत्त्यात गगनेंद्रनाथ ठाकूर १९२१-२२ पासून घनवादी वळणाची चित्रे काढत होते. स्टेला क्रामरिश यांनी १९२२ मध्ये 'रूपम्'मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला, आणि त्याच वर्षअखेर कलकत्त्यात बाउहाउसच्या चित्रकारांचे प्रदर्शन भरले. पण १९५९ मध्ये डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अभ्यासकाने गगनेंद्रनाथांना फसलेला अनुकरणकार ठरवले. त्याला उत्तर दिले पार्थ मित्तर यांनी. पिकासोने आफ्रिकेकडून घेतले तर ती प्रतिभा आणि भारतीयाने पॅरिसकडून घेतले तर ती उसनवारी, हा न्याय सत्तेचा आहे, कलेचा नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. तो मला पटतो.

आपल्याकडचे दुसरे टोक मला तितकेच अमान्य आहे. वारली चित्रांत समोरून आणि वरून दिसणारे एकत्र येते, म्हणून घनवाद आमच्याकडे होताच, असे काही जण सांगतात. वारली चित्रकाराने यथार्थदर्शन कधी पत्करलेच नव्हते. मग तो मोडणार काय? जे. जे. १८५७ ची. तिच्यात आणि तिच्या धर्तीच्या शाळांत पिढ्यान्पिढ्या हे यथार्थदर्शन घोटून घेतले गेले, म्हणूनच रझा-गाड्यांच्या पिढीला त्याच्याशी भांडण करता आले. बेंद्र्यांनाही तेच करता आले. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे बडोद्याच्या कलाशाखेत शिकवत असताना त्यांनी १९५५ मध्ये 'काटा' रंगवले आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पायातला काटा काढणे हा आपल्या मंदिरशिल्पांचा जुना विषय. तो त्यांनी कोनांच्या भाषेत बसवला. मर्ढेकर याच सुमारास संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या आधाराने कलाकृतीची घडण सांगत होते. चित्रकारांनी त्यांना वाचले असेल-नसेल. पण 'विषय काय' याआधी 'रचले कसे' हे विचारणे त्या काळच्या मराठीतही चालू होते.

लोतचा धडा सर्वांत दीर्घकाळ जपला तो साबावालांनी. १९४८ ते १९५१ ते त्याच्या वर्गात होते आणि परतल्यावर त्यांनी मुंबईत ताजमहाल हॉटेलात पहिले प्रदर्शन भरवले. पहिल्या दशकातली त्यांची चित्रे उघड घनवादी आहेत, कधी कधी वहीत उतरवलेल्या धड्यासारखी. पुढे कोन निवत गेले. वाळवंट, समुद्र, पाठमोऱ्या लहान मानवाकृती आणि प्रचंड आकाश आले. दिलीप चित्रे यांनी १९८० मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत लिहिले, अरुण खोपकरांनी १९९३ मध्ये 'कलर्स ऑफ ॲब्सेन्स' हा चित्रपट केला. मराठी लेखकांनी एका चित्रकाराकडे इतक्या निगुतीने पाहिल्याची उदाहरणे थोडी आहेत. साबावालांच्या त्या उत्तरकाळच्या आकाशात ढगांचे पातळ पापुद्रे एकावर एक येतात. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक पापुद्र्याची एक कड उजळ आहे आणि तिला लागून दुसऱ्याची गडद.