होडी आली, पण भार वाढला नाही!

पुलावरून मालमोटार गेली, की तिचे वजन पुलाच्या खांबांना पेलावे लागते. आगगाडी गेली, तर तिचेही. मग पुलावरून होडी गेली तर? प्रश्न विचित्र वाटेल; कारण होडी जाते ती पुलाखालून. पण वेल्समध्ये असा एक पूल आहे, की त्याच्या खालून डी नदी वाहते आणि वरून कालवा! या ऐतिहासिक कालव्यातून हौशी प्रवासी वाटाड्याबरोबर कॅनूची सफर करतात. कॅनू म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, निमुळत्या टोकांची होडी.

हा लँगोलेन कालव्यावरील पाँटकसल्टे जलसेतू. विल्यम जेसप आणि टॉमस टेलफर्ड या अभियंत्यांच्या देखरेखीखाली 1795 ते 1805 या काळात तो बांधला गेला. त्याची लांबी 307 मीटर, तर नदीपासून उंची सुमारे 38 मीटर आहे. 2009 साली त्याला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला.

पन्हळ बिडाची

त्या काळी जलसेतू दगडी असत. पाणी झिरपू नये म्हणून आत मळलेल्या चिकणमातीचा जाड थर देत. पाणी, माती आणि दगड यांचा भार एवढ्या उंचीवर पेलायचा, तर खांब अवाढव्य झाले असते. म्हणून येथे दगडी खांबांवर बिडाच्या कमानी उभारून त्यांवर बिडाचीच पन्हळ बसवली. खांबांचा वरचा भाग पोकळ ठेवून वजन आणखी कमी केले. पन्हळ सुमारे 3.6 मीटर रुंद आहे. तिच्यातील पाण्याचेच वजन दीड हजार टनांच्या आसपास भरते!

पन्हळीच्या एका बाजूस कठडा असलेली पायवाट आहे. दुसऱ्या बाजूस कठडा नाही; पन्हळीची कड पाण्यावर जेमतेम वीतभर येते. कॅनूत बसून त्या बाजूला पाहिले, की नजर थेट खाली दरीत जाते. अशा वेळी कोणाच्याही मनात येईल, ‘हे खांब आपला भार पेलतील ना?’

खांबांवर भार किती?

समजा, कॅनू 30 किलोग्रॅमची आहे आणि तीत 60 किलोग्रॅमचे दोघे बसले आहेत. एकूण झाले 150 किलोग्रॅम. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. म्हणजे ही कॅनू 150 लिटर पाणी सारते. हे पाणी पन्हळीत साठून राहत नाही; ते दोन्ही बाजूंच्या लांबलचक कालव्यात पसरते. जितके वजन पुलावर आले, तितकेच पाणी पुलावरून गेले. खांबांवरचा भार होता तेवढाच राहिला!

हेच दुसऱ्या रीतीनेही पाहता येईल. तळावरचा पाण्याचा दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. पाण्याची पातळी बदलली नाही, तर तळावरचा दाबही बदलत नाही. म्हणून कॅनू असो की 15 टनांची मालवाहू नाव, ती संथपणे तरंगत असेल, तर खांबांच्या लेखी दोन्ही सारख्याच.

मात्र सारलेल्या पाण्याला जायला वाट हवी. सुमारे 2.1 मीटर रुंदीची नाव पन्हळीत घट्ट बसली असती, तर पिचकारीतील दट्ट्याप्रमाणे पाणी पुढे ढकलत गेली असती आणि तिला ओढताना घोडे थकले असते. म्हणून घोड्यांची पायवाट पाण्याच्या वर, खांबांवर उचलून बसवली आहे. सारलेले पाणी त्या पायवाटेखालून मागे सरकते.

करून पाहा

काठाखाली तोटी असलेले भांडे तराजूवर ठेवा. तोटीतून पाणी गळेपर्यंत ते भरा. गळणे थांबले, की वजन लिहून घ्या. आता तोटीखाली, पण तराजूच्या बाहेर, एक पेला धरा आणि भांड्यात लाकडी ठोकळा अलगद तरंगत सोडा. पाणी गळायचे थांबल्यावर पुन्हा वजन पाहा. नंतर पेल्यातील पाणी आणि ठोकळा यांची वजने ताडून पाहा.

आणि आता एक प्रश्न. पुलाच्या मध्यावर कॅनूतील एक जण उतरून पायवाटेवर उभा राहिला. माणसे तीच, कॅनू तीच. मग खांबांवरचा भार बदलेल का? विचार करा आणि उत्तर आपल्या शिक्षकांना पटवून द्या.