इंकांचा जिवंत वारसा : दगडी भिंती, वाहते पाट आणि गवताचा पूल



'इंका संस्कृती' म्हटलं की मुलं लगेच माचू पिच्चूचं नाव घेतात. फोटो ओळखीचा असतो, पण त्यापुढे गाडी सरकत नाही. म्हणून आज माचू पिच्चू बाजूला ठेवू आणि पेरू देशातल्या कुस्को शहरापासून एका दिवसाची सहल नकाशावर करू. वर्गात भिंतीवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा लावा, घरी असाल तर ॲटलास उघडा. थांबे तीनच आहेत आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा आहे : पाचशे वर्षांनंतर इथे काय उरलं, आणि ते कशामुळे उरलं?

निघण्याआधी : उंचीचा अंदाज

कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर हे अख्खं शहर वसलेलं आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोनतृतीयांश असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते आणि डोकं दुखू शकतं. नवखी माणसं म्हणूनच पहिले एक-दोन दिवस आराम करतात आणि मग फिरायला निघतात.

मुलांना हे पटकन समजावायचं असेल तर स्वयंपाकघरातलं उदाहरण द्या. दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. कुस्कोमध्ये ते साधारण ८९ अंश सेल्सिअसलाच उकळतं. मग उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजेल की उशिरा? बरीच मुलं 'लवकर' म्हणतील. पाणी लवकर उकळतं खरं, पण ते तितकं गरमच होत नाही, म्हणून डाळीला वेळ लागतो. अशा ठिकाणी कुकर किती कामाचा, हे त्यांचं त्यांनाच उमगेल.

पहिला थांबा : साक्सायवामानच्या भिंती

शहराच्या डोक्यावर, सुमारे ३७०० मीटर उंचीवर, साक्सायवामानची नागमोडी तटबंदी आहे. इथल्या काही दगडांचं वजन १०० टनांहून अधिक आहे. चुना नाही, मसाला नाही. दगडाला दगड असा घासून बसवलाय की फटीत सुरीचं पातंही जाऊ नये. इंकांकडे लोखंडी हत्यारं नव्हती आणि ओझी वाहायला चाकाच्या गाड्याही नव्हत्या, हे मुलांना आवर्जून सांगा.

१५३३ मध्ये स्पॅनिश सैन्य कुस्कोत शिरलं. पुढे इथले हलवता येतील असे दगड शहरात घरं आणि चर्च बांधायला नेले गेले. जे हलवता आले नाहीत, ते जागेवर राहिले. म्हणजे इथे जे उरलं, ते वजनामुळे उरलं. पण त्या भिंतींचं मूळ काम थांबलं ते थांबलंच.

दुसरा थांबा : तिपोनचं पाणी

कुस्कोहून आग्नेयेला साधारण २५ किलोमीटरवर तिपोन आहे. डोंगरउतारावर दगडी बांधांच्या रुंद पायऱ्या आणि त्यांतून खेळवलेले झऱ्याच्या पाण्याचे पाट. पाणी एका टप्प्यावरून दुसऱ्यावर शांतपणे उतरतं, कुठे दुभागतं, कुठे पुन्हा एकत्र येतं. हे पाट आजही वाहतात.

इथे मुलांना थांबवून विचारा : पाट वाहता राहायला काय लागतं? गाळ काढावा लागतो, निखळलेला दगड परत बसवावा लागतो. ज्यांच्या गावाकडे पाटाचं पाणी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे इथे नुसता दगड टिकून भागत नाही, त्याकडे कोणीतरी लक्ष देत राहावं लागतं.

तिसरा थांबा : आपुरिमाकची दरी

आता मोठा प्रवास. कुस्कोपासून गाडीने तीन-चार तास लागतात. विल्कानोता नदीच्या खोऱ्यातून रस्ता दक्षिणेकडे जातो, मग डोंगरातली तळी ओलांडून आपुरिमाक नदीच्या दरीपाशी पोहोचतो. केचुआ भाषेत आपुरिमाकचा अर्थ 'बोलणारा देव'. दरीत घुमणारा पाण्याचा आवाज ऐकला की नाव का पडलं ते कळतं.

नकाशावर ही नदी बोटाने गिरवायला लावा. तिचा उगम मिस्मी शिखराजवळ. पॅसिफिक महासागर तिथून दोनशे किलोमीटरसुद्धा दूर नाही. तरी हे पाणी उलट दिशेला वळतं, ॲमेझॉनला मिळतं आणि अख्खा खंड ओलांडून अटलांटिकमध्ये जातं. आपली गोदावरी काय करते? त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र जवळ असताना ती सुमारे १४६५ किलोमीटर पूर्वेकडे वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेला उंच रांग आणि पूर्वेकडे उतार : सह्याद्रीचा धडा शिकलेल्या मुलाला अँडीज परका वाटत नाही.

या दरीवर सुमारे ३७०० मीटर उंचीवर एक झुलता पूल आहे, केस्वाचाका. 'केस्वा' म्हणजे पिळाची दोरी, 'चाका' म्हणजे पूल. लांबी सुमारे २८ मीटर. आणि हा संपूर्ण पूल गवताचा आहे!

गवतच का? इंकांना कमानीचा पूल बांधण्याचं तंत्र माहीत नव्हतं आणि या उंचीवर मोठी झाडं फारशी उगवत नाहीत. पण माळावर चिवट गवत भरपूर. ते भिजवून, दगडाने ठेचून मऊ करतात आणि दोन पेडांची बारीक दोरी वळतात. अशा अनेक दोऱ्या एकत्र पिळून जाड दोर होतो आणि जाड दोरांचे तीन पेड एकत्र गुंफले की मुख्य दोरखंड तयार होतो. असे चार दोरखंड पायाखाली, दोन हाताला धरायला.

आता अडचण अशी की गवत कुजतं. म्हणून दरवर्षी जून महिन्यात हुइंचिरी, चाउपिबांदा, चोकायवा आणि कोयाना केवे या चार गावांचे लोक जमतात, जुना पूल तोडून नदीत सोडतात आणि नवा विणतात. जूनच का, हेही विचारा. आपल्याकडे तेव्हा पावसाळा सुरू होतो, पण तिथे तो थंड आणि कोरडा काळ असतो.

प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाट्याची दोरी आणायची असते. बारीक दोऱ्या मुख्यतः बायका वळतात, दरीवर दोरखंड ताणायचं काम पुरुष करतात आणि पूल विणणारे कसबी कारागीर दोन्ही काठांकडून मध्यापर्यंत येतात. सुरुवातीला पाचामामाला, म्हणजे भूमातेला, नैवेद्य. शेवटच्या दिवशी गाणं, नाच, जेवण. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक आठवली ना? तेच तत्त्व.

खरं तर जवळच लोखंडी पूल आहे. ये-जा त्यावरून होऊ शकते. मग एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर अलीकडच्याच एका घटनेत आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे पूल नव्याने बांधता आला नाही. मार्च २०२१ मध्ये तो तुटून दरीत पडला. फक्त एक वर्ष खंड पडला होता! त्याच वर्षी जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा विणला, कारण ज्यांना विणता येतं अशी माणसं होती. हा खंड एका पिढीचा असता तर? युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जे घेतलं, तेही पुलाच्या वार्षिक नूतनीकरणाचं ज्ञान, कौशल्य आणि विधी. गवताचे दोर नव्हेत.

'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. केस्वाचाकाबद्दल ते कौतुकाने म्हणता येईल. सुंभ दरवर्षी जातो, पीळ मात्र हातातून हातात राहतो.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. सुतळीचे दोन तुकडे घ्या. दोन्ही वेगवेगळे एकाच दिशेने पिळा, मग एकत्र धरून उलट दिशेने पिळा. सोडून बघा. दोन्ही पेड उलगडायला बघतात आणि त्याच ओढीने एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. दोरीचं सगळं गुपित एवढंच आहे.

२. एक पेड, दोन पेड आणि तीन पेड यांना पाण्याची बाटली टांगा आणि थोडंथोडं पाणी वाढवत कोण किती तोलतं याची नोंद ठेवा.

३. मुलांना घरी विचारायला सांगा : आजी-आजोबांपैकी कोणाला अंबाडीची किंवा घायपाताची दोरी वळता येते का? पोळ्याला बैलाचा कासरा घरी वळला जायचा का? येत असेल तर नुसती माहिती लिहून आणू नका, एक हात दोरी वळायला शिकून या.

हा तिसरा उपक्रम वगळू नका, ही विनंती. आपण परीक्षेसाठी 'वारसा म्हणजे काय' याची व्याख्या पाठ करून घेतो आणि मुलं ती लिहितातही. पण आजोबांच्या हातातलं कसब व्याख्येत मावत नाही. ते शेजारी बसून, चुकत-माकतच घ्यावं लागतं, आणि शिकवणारा हात घरात आहे तोवरच.