मुरट : मरुभूमीचे काटकसरी तृण

गवत म्हटले की हिरवी, लवलवती पाती आपल्या डोळ्यांपुढे येतात. जैसलमेरकडील वाळूत उगवणाऱ्या मुरटाला मात्र पाती जवळजवळ नसतातच. मीटरभर उंचीच्या, ताठ व टणक दांड्यांचा हा झुबका उन्हाळ्यात पाहिला, तर वाळक्या काटक्यांचा भाराच वाटावा. परंतु तो जिवंत असतो, आणि वर्षानुवर्षे जगतो.

ही निष्पर्णता म्हणजे मरण नव्हे, काटकसर होय. पाने मोजकी व आखूड. अवर्षणात तीही झडतात. वाफेवाटे जाणारे पाणी वाचते आणि अन्न तयार करण्याचे काम हिरवे दांडे चालवितात. दांड्यांवरील फुगीर गाठी वाळूत गाडल्या गेल्या की तेथूनच नवी मुळे फुटतात. मुळांभोवती चिकट स्रावाने वाळूचे वेष्टन जमते व ते त्यांचे रक्षण करते.

‘पॅनिकम टर्जिडम’ हे याचे शास्त्रीय नाव पेटर फोर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाचे. तो १७६३ मध्ये येमेनात वारला. त्याचे टिपण सहप्रवासी कार्स्टन नीबूर याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केले.

आपल्या उपवासाची वरी याच कुळातली. दुष्काळात थरमधील लोकांनी मुरटाचे बी बाजरीत मिसळून पोट भरले आहे. गुरांना चारा, झोपडीला छप्पर आणि चुलीला सरपणही तेच देते. मात्र ते मुळासकट उपटले, की त्याने धरून ठेवलेली वाळू सुटते आणि वाऱ्याबरोबर शेतात शिरते. म्हणून या ‘वाळक्या’ झुबक्याला निरुपयोगी म्हणण्यास आम्ही तयार नाही.