असेंब्लीशी ओळख (भाग ७) : स्ट्रिंगमधील चूक कशी शोधावी

असेंब्ली भाषेत स्ट्रिंग म्हणजे मेमरीत लागोपाठ ठेवलेले बाइट आणि ते कुठे संपतात याचा एक संकेत. हा संकेत प्रोसेसरला ठाऊक नसतो. तो प्रोग्रामरनेच पाळायचा असतो. म्हणून स्ट्रिंगच्या बहुतेक चुका लांबी, पत्ता किंवा दिशा या तीनपैकी एका ठिकाणी सापडतात. ८०८६ प्रोसेसर आणि डॉस यांच्या उदाहरणातून त्या स्पष्ट होतात.

लांबी : डॉसच्या इंटरप्ट २१ मधील ०९ ही सेवा डॉलर चिन्ह येईपर्यंत अक्षरे छापत जाते. कीबोर्डवरून ओळ वाचणारी ०ए ही सेवा मात्र शेवटी डॉलर ठेवत नाही. बफरच्या पहिल्या बाइटमध्ये प्रोग्रामरने कमाल क्षमता लिहायची असते, दुसऱ्यात डॉस प्रत्यक्ष अक्षरसंख्या भरतो आणि तिसऱ्यापासून मजकूर सुरू होतो. क्षमता २० ठेवून लहान अक्षरांत ‘एस-आय-टी-ए’ टाइप केले आणि एंटर दाबला, तर डॉसमधील डीबग या साधनाच्या ‘डी’ आज्ञेने हेक्साडेसिमलमध्ये पुढील बाइट दिसतात :

१४ ०४ ७३ ६९ ७४ ६१ ०डी

शेवटचा ०डी हा एंटरचा संकेत. हा मजकूर तसाच छापला, तर ०डीमुळे कर्सर ओळीच्या सुरुवातीला परततो आणि मेमरीतला पुढचा कचरा नावावरच उमटतो. उपाय सोपा आहे : बफरचा पत्ता, अधिक २, अधिक दुसऱ्या बाइटमधील संख्या, एवढी बेरीज करून येणाऱ्या जागी डॉलर लिहायचा. तो ०डीचीच जागा घेतो.

पत्ता : मूव्हएसबी ही सूचना डीएस:एसआयवरचा बाइट ईएस:डीआयवर नेते. ईएक्सई प्रोग्राम सुरू होताना डीएस आणि ईएस हे दोन्ही डेटा सेगमेंट दाखवत नसतात. ते डॉसने प्रोग्रामच्या आधी ठेवलेल्या २५६ बाइटच्या माहितीखंडाकडे रोखलेले असतात. पुष्कळदा डीएस भरला जातो आणि ईएस राहून जातो. मग नक्कल होते, पण भलत्याच जागी, आणि अपेक्षित बफर कोराच राहतो. ‘आर’ आज्ञेने दोन्ही रजिस्टरांची किंमत पाहिली की ही चूक लगेच उघड होते.

दिशा : डायरेक्शन फ्लॅग शून्य असेल तर एसआय आणि डीआय वाढतात, एक असेल तर घटतात. डीबगमध्ये या दोन अवस्था अनुक्रमे ‘यूपी’ आणि ‘डीएन’ अशा दिसतात. पुढच्या दिशेने काम करायचे असल्यास स्ट्रिंग-सूचनेपूर्वी हा फ्लॅग शून्य करणारी सीएलडी ही सूचना लिहिणे सुरक्षित.

स्कॅसबीने अक्षर शोधताना आणखी एक खाच असते. अक्षर सापडल्यावर डीआय त्याच्या एक घर पुढे गेलेला असतो, म्हणून नेमक्या जागेसाठी त्यातून १ वजा करावा लागतो.

तपासाचा क्रम असा ठेवावा : संशयित सूचनेपूर्वी थांबावे, डीएस, ईएस, एसआय, डीआय, सीएक्स आणि फ्लॅग पाहावेत, मग दोन्ही पत्त्यांवरची मेमरी पाहावी. त्यानंतर ‘टी’ आज्ञेने, स्ट्रिंग-सूचना सीएक्सइतक्या वेळा करवणाऱ्या आरईपी या उपसर्गाची एकेक फेरी चालवावी. मूव्हएसबीच्या प्रत्येक फेरीत सीएक्स एकाने घटायला हवा आणि एसआय व डीआय हे दोन्ही निर्देशक एका बाइटने सरकायला हवेत. हे ज्या फेरीत घडत नाही किंवा चुकीच्या पत्त्यावर घडते, तिथेच दोष असतो.