रिंगा बसेपर्यंत

पिरंगुट, पौड, मुळशी धरण आणि पुढे ताम्हिणी घाट. पुण्यात नवी मोटारसायकल घेतली की हा रस्ता खुणावतोच. इंजिन मोकळं व्हायला तो चांगलाही आहे, कारण चढ-वळणांवर वेग एकसारखा राहत नाही.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात. त्यांत तेल टिकतं, आणि त्यांवर घासत पिस्टनच्या रिंगा नीट बसतात. रिंगांना भिंतीशी दाबून धरायला जळत्या वायूचा दाब मदत करतो. म्हणून पुस्तिकेतली वेगमर्यादा पाळावी, पण गाडी अगदी रखडवूही नये. वरच्या गिअरमध्ये घाट चढवणं तर टाळाच, इंजिन गुदमरतं. झिजलेल्या धातूचा चुरा तेलात उतरतो, त्यामुळे पहिलं सर्व्हिसिंग लांबवू नका.