इंटरनेटचे पत्ते कुणाच्या वाट्याला?

मोबाइलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कधीकधी संदेश येतो : 'तुमच्या पत्त्यावरून फार विनंत्या आल्या आहेत, थोड्या वेळाने प्रयत्न करा.' कुसगावातल्या ज्या मुलीने ती साइट आज पहिल्यांदाच उघडली, तिने काय समजायचे? उत्तर साधे आहे. तो पत्ता तिचा एकटीचा नाही. मोबाइल कंपनीने एकच आयपी पत्ता शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो.

अशी वेळ का आली, ते आपण समजून घेतले पाहिजे. आयपीच्या जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटी पत्तेच होतात. सुरुवातीच्या काळात ते सढळ हाताने वाटले गेले. अमेरिकेतील एमआयटी या एकाच विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाख पत्ते होते! वापर नव्हताच, म्हणून २०१७ मध्ये त्यातले ८० लाख त्यांनी विकायला काढले. जे आधी आले त्यांना गरज न विचारता मिळाले, जे उशिरा आले त्यांच्याकडे पुरावे मागितले. ही रीत आपल्या समाजाला नवी नाही.

पुढे नियम आले. पत्ता ही मालमत्ता नाही, गरज दाखवा तेवढेच मिळेल, आणि कुणाला काय दिले याची नोंद सर्वांना पाहता येईल. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठा संपला. आपल्या आशिया-प्रशांत विभागाचे वाटप पाहणाऱ्या एपनिक संस्थेने त्याच एप्रिलपासून शेवटच्या साठ्यातून प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचे ठरवले, २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आणली. कंपनी मोठी असो वा छोटी, वाटा सारखाच. आम्हाला हा नियम न्याय्य वाटतो, कारण उद्या येणाऱ्यासाठीही काही राखले गेले. भारतात हे वाटप 'आयआरआयएनएन' ही नोंदणी संस्था करते.

खरा उपाय सहावी आवृत्ती. तिच्यात पत्ते जवळजवळ न संपणारे आहेत, आणि भारतातले मोबाइल नेटवर्क त्यात जगात पुढे आहे. पण जी साइट अजून जुन्याच आवृत्तीवर आहे, तिथे आपल्याला पुन्हा सामाईक पत्त्यावरूनच जावे लागते. म्हणून शिष्यवृत्तीच्या, भरतीच्या साइट सहाव्या आवृत्तीवर चालतात का, हे माहिती अधिकारात विचारायला हवे.

कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एखादी आक्षेपार्ह पोस्ट 'अमुक आयपीवरून गेली' एवढ्यावरून आपल्या वस्तीतल्या पोराकडे बोट दाखवता येत नाही. पत्ता सामाईक असेल तर नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक दोन्ही लागतात. चौकशीला बोलावले तर वकिलामार्फत हे दोन तपशील आधी मागा.

एपनिकच्या धोरण-चर्चेत कुणालाही भाग घेता येतो, त्यासाठी सदस्यत्व लागत नाही. कुसगाव बुद्रुकच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तिथे बोलायला सुरुवात करावी.